बुद्धिबळात नशीब किती, कौशल्य किती?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (एक वाचक, पुणे): २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत शेवटच्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने हत्ती एफ२ या घरात नेला आणि गुकेश जगज्जेता झाला. समोरच्याच्या एका चुकीवर मिळालेलं विजेतेपद नशिबाचंच नाही का?

उत्तर: आधी ती चाल नीट पाहू. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, चौदावा डाव, गुण ६.५-६.५. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादं जास्त. अचूक बचाव केला तर ही स्थिती बरोबरीत सुटते. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर नेऊन अदलाबदल मागितली. बचाव करताना मोहरी कमी करायची, हा विचार एरवी योग्यच. पण त्याचा उंट होता ए८ च्या कोपऱ्यात, आणि कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. हत्ती कटल्यावर गुकेशने उंट डी५ वर आणला आणि तो कर्णच अडवला. आता पांढरा उंट हलला तरी मरतो, जागेवर राहिला तरी मरतो. उंटांची अदलाबदल टळत नाही. मग पटावर फक्त राजे आणि प्यादी उरतात, आणि तिथे एक जास्तीचं प्यादं जिंकायला पुरतं. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

चूक डिंगची, यात वाद नाही. पण ती व्हायला वाव कुणी ठेवला? गुकेशला बरोबरी घेऊन दुसऱ्या दिवशी जलद डावांच्या टायब्रेकला, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या डावांना, जाता आलं असतं. ते न करता, स्वतःला काहीही धोका न पत्करता, त्याने घड्याळात कमी वेळ उरलेल्या डिंगला चालीमागून चाल अचूक खेळायला लावली. आमच्या मते हे निखळ कौशल्य आहे. माजी जगज्जेता कार्लसनने कितीतरी डाव याच पद्धतीने जिंकले आहेत.

खरं नशीब पाहायचं असेल तर सोची २०१४, कार्लसन-आनंद लढतीचा सहावा डाव उघडा. २६व्या चालीला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनने राजा डी२ वर नेला. ती घोडचूक होती. आनंदने जी६ वरच्या घोड्याने ई५ चं प्यादं मारलं असतं, तर जी रांग उघडून हत्तीसमोर हत्ती आला असता. पांढऱ्याने जी८ वरचा हत्ती मारला, तरी घोडा सी४ चं प्यादं शह देत मारतो, कारण राजा नेमका डी२ वर आहे. पुढच्या शहानंतर हत्तीही परत मिळतो. हिशेब केला तर आनंदला दोन प्यादी फुकट. आनंदला ते दिसलं नाही, तो प्यादं ए४ वर ढकलून मोकळा झाला आणि पुढे डाव हरला. इथे कार्लसनने आनंदवर कसलाही दबाव आणलेला नव्हता. त्याची स्वतःची चूक शिक्षेविना सुटली.

दोन्ही डावांना एकच कसोटी लावून पाहा: दबावाखाली समोरचा चुकला, की आपली चूक त्याच्या नजरेतून सुटली? पहिल्याचं श्रेय खेळाडूचं, दुसऱ्याचं नाही.

प्रश्न (एक वाचक, नागपूर): बाद फेरीत दुबळा खेळाडूही पुढे जातो म्हणतात. मग आमच्या दिव्या देशमुखच्या विश्वचषकाकडे कसं पाहायचं?

उत्तर: इथे गणित मांडावंच लागेल. खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, ज्या एलो सूत्राने काढतात, त्यानुसार रेटिंगमध्ये ५० गुणांचा फरक असेल, तर वरचढ खेळाडूने डावामागे सरासरी ०.५७ गुण मिळवायला हवेत (विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा). वरच्या पातळीवर बरोबरी खूप होते. ती ६० टक्के धरली, तर वरचढ जिंकणार २७ टक्के, हरणार १३ टक्के. आता दोन डावांची छोटी लढत घ्या. वरचढ खेळाडू ती सुमारे ४० टक्के वेळा जिंकतो, ४३ टक्के वेळा ती बरोबरीत सुटून टायब्रेकला जाते, आणि १७ टक्के वेळा दुबळा सरळ जिंकतो. टायब्रेक धरून दुबळ्याची संधी ३५ टक्क्यांच्या वर जाते. तीच जोडी चौदा डाव खेळली, तर दुबळा सरळ जिंकण्याची शक्यता साधारण सातात एक एवढीच राहते.

म्हणजे एका छोट्या लढतीत धक्का बसला, तर त्यात नवल नाही. पण असे तीन धक्के सलग द्यायचे, तर ही संधी शंभरात पाचाच्या आसपास येते. दिव्याला २०२५ मध्ये बटुमीत पंधरावं मानांकन होतं. तिने झू जिनर, हरिका आणि तान झोंगयी यांना ओळीने बाहेर काढलं. अंतिम फेरीत हम्पीविरुद्ध दोन क्लासिकल (दीर्घ वेळेचे) डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत, आणि दुसरा तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. हम्पी तिथे वेळेच्या अडचणीत चुकली, हे खरं. पण इतक्या फेऱ्या पार करायला नशीब पुरत नाही.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): चिठ्ठी टाकून वगैरे कधी निकाल लागला आहे का?

उत्तर: चिठ्ठीपेक्षाही पुढची गोष्ट आहे. १९८३ मध्ये ऑस्ट्रियातल्या फेल्डन इथे कँडिडेट्सच्या (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेच्या) उपांत्यपूर्व लढतीत स्मिस्लोव्ह आणि ह्यूब्नर जादा डावांनंतरही ७-७ असे बरोबरीत राहिले. निर्णय रूलेटच्या चाकावर झाला आणि स्मिस्लोव्ह पुढे गेला.

लंडन २०१३ ची कँडिडेट्स यापेक्षा अवघड प्रश्न उभा करते. कार्लसन आणि क्रामनिक दोघे ८.५ गुणांवर. दोघेही शेवटच्या फेरीत हरले! आपसातला हिशेब बरोबरीत होता, म्हणून जिंकलेल्या डावांची संख्या पाहिली गेली: कार्लसन पाच, क्रामनिक चार. नियम आधीपासून ठरलेला होता, त्यामुळे अन्याय झाला असं म्हणता येत नाही. पण त्याच स्पर्धेत इवानचुक पाच डाव वेळ संपून हरला आणि कार्लसन-क्रामनिक दोघांनाही त्याने हरवलं. कोणाच्या वाट्याला कोणता इवानचुक येणार, हे कोणाच्याच हातात नव्हतं.

प्रश्न (एक पालक, सांगली): मुलाचं रेटिंग एका स्पर्धेत ७० ने घसरलं. खेळ बिघडला की नशीब?

उत्तर: एका स्पर्धेवरून काहीच ठरवू नका. अठराच्या आतल्या आणि २३०० खालच्या खेळाडूला फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचा, के-गुणक (एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) ४० असतो. म्हणजे जिंकलेला एकच डाव हरला, तर ४० गुणांचा फरक. ७० म्हणजे दोन डावांचंही नुकसान नाही.

निदान तीस डाव जमवा. मुलाला प्रत्येक चालीनंतर उरलेला वेळ स्कोअरशीटवर लिहायला सांगा. याशिवाय पुढचं काम अर्धवट राहतं. डाव संपल्यावर इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्रॅम) न लावता, डाव कुठे फिरला त्या जागी मुलाने स्वतः खूण करावी. मग इंजिन लावा, पण एक चाल न दाखवता पाच चाली दाखवायला सांगा. इंजिनचं नुसतं ०.०० (म्हणजे बरोबरी) पाहून पालक फसतात. पाचही चालींनी बरोबरी टिकत असेल तर स्थिती सोपी; एकाच चालीने टिकत असेल तर तिथे चुकणं स्वाभाविक, आणि समोरच्याला त्या जागी आणणारा चांगला खेळला.

मग दोन याद्या करा: समोरच्याने न पकडलेल्या मुलाच्या चुका, आणि मुलाने न पकडलेल्या समोरच्याच्या चुका. तीस डावांत दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या, तर नशीब फिटलं आणि रेटिंग खरं आहे. दुसरी यादी लांब असेल, तर वेळेचे आकडे पाहा. चुका पाच मिनिटांहून कमी वेळ असताना झाल्या असतील, तर सुरुवातीच्या पंधरा चालींत वेळ कुठे जातो ते शोधा. भरपूर वेळ असूनही सुटल्या असतील, तर रोज अर्धा तास डावपेचांची कोडी, आणि ती पटावर मोहरी न हलवता सोडवायची.