१६एस ९८.२ टक्के जुळतंय, मग प्रजाती नवी का?

जैसलमेरच्या वाळूतून जिवाणूंची गुलाबी कॉलनी मिळाली, त्यांचं १६एस जनुक (जिवाणूंची ओळख पटवायला वापरतात ते) सर्वांत जवळच्या प्रजातीशी ९८.२ टक्के जुळतं, तर नवी प्रजाती म्हणून पेपर लिहायला घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. शक्यता चांगली आहे, पण अजून पेपर लिहू नका.

आकडा ९८.७ च्या खाली आला की प्रजाती नवी असल्याचा संशय बळावतो, एवढंच. तुलना कशाशी झाली ते आधी बघा. ब्लास्टमध्ये, म्हणजे सिक्वेन्स जुळवून बघायच्या ऑनलाइन शोधात, नाव नसलेल्या जिवाणूंचे सिक्वेन्सही वर येतात, म्हणून फक्त टाइप स्ट्रेनशी, म्हणजे प्रजातीचा अधिकृत नमुना मानलेल्या वाणाशी, ताडून पाहा. सिक्वेन्सही जवळपास पूर्ण हवा. सातशे-आठशे बेसवर (डीएनएच्या अक्षरांवर) काही ठरवू नका. खरा निवाडा जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर होतो. दोन जीनोम किती जुळतात ते सांगणारे दोन आकडे असतात: एएनआय ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली आलं, तर तुमची बाजू भक्कम.

वाळवंटी जिवाणूंच्या बाबतीत मीडियमकडे, म्हणजे ज्यावर ते वाढवता त्या पोषक माध्यमाकडे, फार लक्ष द्या. डिनोकॉकस डेझर्टी या वाळवंटी जिवाणूचं वर्णन २००५ साली आलं. मोरोक्को आणि ट्युनिशियातल्या सहाराच्या वाळूवर १५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा किरणांचा मारा केला, त्यातून जे तगले त्यांतला हा. नेहमीच्या ट्रिप्टिक सोय अगारवर तो वाढतच नाही. तेच मीडियम दहापट पातळ केलं की पांढुरक्या कॉलनी दिसतात. पोषण जास्त झालं म्हणून न वाढणारा जीव! तुमचा स्ट्रेनही पातळ मीडियमवर लावून बघा, आणि प्लेट लवकर फेकू नका. डेझर्टीचे दोन स्ट्रेन हाती होते. एकावरही वर्णन करता येतं, पण त्याच मातीतून आणखी मिळाले तर वर्णनाला वजन येतं.

वर्णनात पेशीतल्या फॅटी ॲसिडचीही तुलना द्यायची असते. त्यासाठी जवळच्या प्रजातीचा टाइप स्ट्रेन मागवून शेजारी, त्याच मीडियमवर, त्याच तापमानाला वाढवा. जुन्या पेपरातले आकडे उचलून तक्ता भरू नका. तापमान बदललं, कल्चरचं वय बदललं की फॅटी ॲसिडचं प्रमाण बदलतं, मग ती तुलना राहत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डिपॉझिटमध्ये, म्हणजे स्ट्रेन संग्रहात जमा करण्यात. नाव वैध व्हायला स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो, आणि मागणाऱ्या संशोधकाला तो विनाअट मिळायला हवा. असे संग्रह म्हणजे इथे पुण्याचं एमसीसी (आता एनसीएमआर), बाहेर जर्मनीचं डीएसएमझेड, जपानचं जेसीएम. पण आपल्याकडे इथले जैविक नमुने बाहेर देण्यावर बंधनं घालणारा २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यामुळे स्ट्रेन परदेशी पाठवण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आणि त्या संग्रहाच्या अटी दोन्ही तपासा. जीनोम सिक्वेन्सिंगला पाठवाल त्याच आठवड्यात ही चौकशी सुरू करा. पेपर तयार आणि डिपॉझिटचं प्रमाणपत्र नाही, अशी वेळ येऊ देऊ नका.

जवळची प्रजाती नेमकी कोणती आली, कोणत्या मीडियमवर आणि किती तापमानाला वाढवलंत, ते कळवा. पुढच्या चाचण्या त्यावर ठरवू.