सोयाबीन बीबीएफवर घ्यायचंय, पण विचारायचं कुणाला?

तुम्ही लिहिलंय की सेनगाव तालुक्यात चार एकर काळं रान आहे. एका खरिपात सोयाबीन पावसाच्या खंडात सुकलं, पुढच्या खरिपात पाणी साचून पिवळं पडलं. आता बीबीएफवर, म्हणजे दोन्ही बाजूंना सऱ्या ठेवून मधल्या रुंद वरंब्यावर पेरायचंय, पण कृषी केंद्रवाला एक सांगतो, भावकी दुसरं आणि मोबाइल तिसरंच.

चारही एकर एकदम करू नका. एकच एकर करा, आणि त्याला लागून नेहमीच्या पद्धतीचं रान तसंच ठेवा. वाण तेच, दिवस तोच. शेतीशाळेत वेगळं काही करत नाहीत. पोकरा, म्हणजे सरकारचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 2018 मध्ये सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे शेतीशाळा बघतोय. भाषणातलं फारसं लक्षात राहत नाही, शेजारी-शेजारी दिसलेलं मात्र राहतं.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी बीबीएफचं पेरणी यंत्र भाड्याने आणलं. ट्रॅक्टरवाल्याने सवयीप्रमाणे उताराच्या दिशेने तास धरले आणि मी चहा आणायला घरी गेलो होतो. पहिल्या मोठ्या पावसात सऱ्यांतून पाणी धावलं, सोबत माती गेली, आणि खाली शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून भांडण झालं ते वेगळं. सऱ्या उताराला आडव्याच हव्यात, आणि जास्तीचं पाणी कुठून बाहेर काढायचं ते पेरणीआधी ठरवा. बियाणं तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नका. दोन ओळी पेरून झाल्या की ट्रॅक्टर थांबवायचा आणि माती उकरून बघायची. ट्रॅक्टरवाला वैतागेल, वैतागू द्या.

हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, आमच्या कृषी सहायकाने सांगितलं, तेही नुकसान झाल्यावर बांधावर येऊन. म्हणून सल्लागार निवडताना मी एवढंच बघतो की पेरणीनंतर तो परत येतो का. कृषी केंद्राचा दुकानदार वाईट नसतो, पण त्याचं पोट औषधाची बाटली विकून भरतं. 'यंदा फवारणीची गरज नाही' हे तो कशाला सांगेल?

तुम्हाला जवळचं म्हणजे तोंडापूरचं कृषी विज्ञान केंद्र. फोनवर भागवू नका, पिवळं पडलेलं झाड मुळासकट उपटून घेऊन जा. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो फवारणी आणि कोळपणी ठरवायला वापरा. पेरणीचं मात्र 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडून वाफसा आल्यावरच, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळीच बघा.

घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तरच नेहमीचं प्रमाण धरा.

आणि यंत्राला आत्ताच नंबर लावा. मृग लागला की अख्ख्या गावाला तेच एक यंत्र हवं असतं.