कॅटरिना वादळात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स बुडालं त्यात चूक कोणाची? आणि समुद्रसपाटीखालचं शहर परत बांधायचंच कशाला?

२९ ऑगस्ट २००५, म्हणजे आपल्या मुंबईच्या २६ जुलैच्या पुरानंतर जेमतेम महिनाभर. वादळ मोठं होतंच पण ८०% शहर पाण्याखाली गेलं ते बंधारे फुटले म्हणून, काही कालव्यांच्या भिंती तर पाणी वरपर्यंत पोचायच्या आधीच कोसळल्या, आणि त्या बांधणाऱ्या आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग) २००६ मध्ये डिझाइनची चूक मान्य पण केली. त्यामुळे "निसर्गापुढे काय करणार" हे मला पटत नाही. महापौर, गव्हर्नर, केंद्र सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले ते वेगळंच (ओळखीचं वाटतंय ना).

आता परत का बांधायचं? अहो मी नवी मुंबईत वाशीला राहतो, आपलंही बरंच शहर भरतीच्या पातळीखालीच आहे, सिडकोने खाडीत भराव टाकून वसवलं आणि पाणी साठवायला धारण तलाव ठेवले, भरतीला गेट बंद, ओहोटीला उघडं. आता त्या तलावांत गाळ साचलाय, कांदळवन वाढलंय आणि ते काढायचं तर कोर्टाची परवानगी. म्हणून मग आपण उठून साताऱ्याला जायचं का? न्यू ऑर्लिन्समध्ये निदान अब्जावधी डॉलर घालून नवीन भिंती, पंप, गेट बसवले, २०२१ च्या आयडा वादळात ते टिकले.