आधी कार्बन जुळव

प्रिय मित्रा,

तुझी मेल दोनदा वाचली. पीएचडी सोडून आयटीत जाऊ का, हे तू शेवटी विचारलंस. मला खटकली ती मधली ओळ. हायड्रोजन देऊन फरफ्युरलचं फरफ्युरिल अल्कोहोल करायच्या तुझ्या प्रयोगात फरफ्युरल 94 टक्के संपलं, अल्कोहोलची सिलेक्टिव्हिटी (संपलेल्यापैकी हवं ते किती झालं) 97 टक्के, ‘कार्बन बॅलन्स 82च येतो, पण गाईड म्हणतात पेपर लिहायला घे’.

अरे, आत टाकलेल्यापैकी 82 टक्केच कार्बन सापडला, मग उरलेला 18 टक्के गेला कुठे?

जीसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला) जी उत्पादनं दिसतात त्यांचीच बेरीज शंभर धरून तू सिलेक्टिव्हिटी काढतोस. जे त्याच्या कॉलममधून, म्हणजे नळीतून, बाहेरच येत नाही, ते त्या शंभरात नसतंच. 82 पैकी 6 न वापरलेल्या फरफ्युरलचे. राहिले 76, त्यांत अल्कोहोल 74. तू 76 ने भागलंस म्हणून 97 आले. संपलेल्या 94 ने भागून बघ, 79 सुद्धा भरत नाहीत. क्रोमियम टाळून केलेल्या तुझ्या कॉपर कॅटॅलिस्टची (उत्प्रेरकाची) सगळी भिस्त याच आकड्यावर आहे ना?

ऑटोक्लेव्ह, म्हणजे तुझा दाबाखालचा बंद रिॲक्टर, उघडल्यावर भिंतीला, स्टररच्या पात्यांना काळपट चिकट थर असतो. तो ॲसिटोनने पुसून टाकत असशील तर आजपासून बंद. खरवड, वाळव, वजन कर. फरफ्युरलचं रेझिन (राळेसारखा चिकटा) होतं हे प्लँटवरचा ऑपरेटरही सांगेल. रिॲक्टर गरम असताना दाब सोडू नकोस, सोबत बनणारं मिथाइलफ्युरान 64 अंशांनाच उकळतं, वायूबरोबर निघून जाईल. वापरलेला कॅटॅलिस्ट धुऊन टीजीएत (तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रात) जाळ, त्यावर बसलेला कार्बन कळेल. हवेत तांब्याचं ऑक्साइड होऊन वजन वाढतं, तेही हिशेबात धर. आणि कार्बन जुळव.

ही माझी एकट्याची खोड नाही. केंब्रिजहून परतल्यावर केमिकल इंजिनिअर एम. एम. शर्मा सरांनी 1964 पासून मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी) वायू-शोषणाचं, म्हणजे वायू द्रवात शोषला जाण्याचं, एवढं काम उभं केलं. त्या विषयाचा पायाच हा आहे: वायूतून जेवढा कार्बन डायऑक्साइड गेला, तेवढा अल्कलीत सापडला पाहिजे.

‘नंतर बघू’ म्हणणारे वरिष्ठ मलाही भेटले. मी अडून बसलो. पेपर लांबला, फेलोशिप संपली, आईच्या आजारपणात हातात पैसा नव्हता. ती हळहळ आजही जात नाही. हवी होती ती नोकरीही दुसऱ्याला मिळाली. तरी मी बरोबरच होतो. माझे आकडे पुढे पायलट प्लँटवर जसेच्या तसे उतरले. मला हट्टी म्हणाले, म्हणू देत.

तू दमला आहेस, हे कळतंय मला. रात्रीच्या रननंतर पहाटे सॅम्पल काढणं काय असतं ते मी विसरलेलो नाही. आयटीत जायचं तर खुशाल जा, त्यात कमीपणा नाही. पण जुळत नसलेला बॅलन्स मागे ठेवून जाऊ नकोस. पुढचा मुलगा तुझ्या 97 वर विश्वास ठेवून वर्ष घालवेल.

रविवारपर्यंत शेवटच्या तीन रनचा मोलमधला हिशेब पाठव: आत किती गेलं, द्रवात, वायूत, कॅटॅलिस्टवर, भिंतीवर किती सापडलं. गाईडशी काय बोलायचं ते तो कागद समोर ठेवून ठरवू.

तुझा,
सर