तारेचं टोक गालाला टोचतंय

प्रश्न : मुलीच्या ब्रेसेसच्या तारेचं टोक मागच्या दाढेपाशी गालात रुततंय. पुढची तपासणी ३ आठवड्यांनी आहे. तोवर काय करावं?

उत्तर : दात सरकू लागले की तार मागे घसरते आणि शेवटच्या दाढेमागे तिचं टोक बाहेर येतं. हात स्वच्छ धुवा. आरशासमोर, चांगल्या उजेडात, पेन्सिलीच्या नव्या खोडरबराने किंवा कापसाच्या काडीने टोक हलकेच दाताकडे वळवा. वळत नसेल तर जोर लावू नका, ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) निखळेल. मग ऑर्थोडॉन्टिक मेण (ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण) वापरा. वाटाण्याएवढा गोळा बोटांत मळून मऊ करा. दात आणि तार कापसाने आधी अगदी कोरडी करा. ओल्यावरच घाईने लावलं तर मेण निसटतं. गोळा टोकावर दाबून बसवा. चुकून गिळला तरी अपाय नाही. ब्रश करण्याआधी मात्र काढा, नंतर नवा लावा.

गाल सोलवटला असेल तर कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून ३-४ वेळा चुळा भरायला सांगा.

तार घरी कापू नका, तुकडा घशात जाऊ शकतो. आणि ३ आठवडे सोसायला लावू नका हो! दवाखान्यात फोन करा. टोक कापणं हे त्यांचं काही मिनिटांचं काम. सूज, ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी गाठा.