अँप्लिफायर बसवल्यापासून गाडीची बॅटरी उतरते: दोष कुठे आणि कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी कोथरूडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते. हॅचबॅकमध्ये अँड्रॉइड स्टिरिओ, चार चॅनलचा अँप आणि सबवूफर बसवला. तेव्हापासून गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसती टक-टक होते. ३५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) बॅटरी नवी टाकली, तरी तेच. आता फिटर सांगतोय, मोठी बॅटरी टाका नाहीतर कपॅसिटर (थोडा चार्ज साठवून झटक्यात देणारा डबा) लावा.

दोन्हींवर पैसे घालू नका. तीन-चार दिवस हा आकडाच पुष्कळ काही सांगतो. बॅटरी साधारण निम्म्यावर आली की इंजिन फिरवायला कमी पडू लागते. ३५ एएचचं निम्मं म्हणजे १७-१८ एएच. ते साडेतीन दिवसांत गेलं, म्हणजे रोज सुमारे ५ एएच, म्हणजेच सतत ०.२ अँपिअर करंट कुठेतरी वाहतोय. उभ्या गाडीत घड्याळ, सेंट्रल लॉक, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे मिळून ०.०२ ते ०.०५ अँपिअर जाणं ठीक असतं. तुमच्याकडे त्याच्या किमान चौपट जातंय. ४५ एएचची बॅटरी टाकलीत तर हेच रडगाणं एक दिवस उशिरा सुरू होईल, इतकंच.

कपॅसिटरचंही तसंच. १ फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १२.६ व्होल्टला १२.६ कूलंब चार्ज मावतो. ३५ एएच म्हणजे १,२६,००० कूलंब. गळती भरून काढण्याची त्याची ऐपतच नाही. उलट त्याच्या डोक्यावरचा आकडे दाखवणारा डिस्प्ले रात्रभर चालू राहिला तर तोच थोडा करंट खात बसतो.

आता संशयित कोण? अँप पूर्ण जागा राहिला तर तो गाणं नसतानाही साधारण अर्धा ते दीड अँपिअर ओढतो, दोन अँप असतील तर त्याहून जास्त. मग गाडी तीन दिवस टिकत नाही, दीड दिवसाच्या आतच बसते. म्हणून तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय स्टिरिओच्या मागच्या जोडणीवर आहे, अँपवर दुसरा. तरीही अँप आधी तपासा, कारण त्याला दोन मिनिटं लागतात.

चावी काढा, दारं लावा, दहा-पंधरा मिनिटांनी अँपचा पॉवर एलईडी बघा. पेटलेला असेल किंवा बॉडी कोमट लागत असेल तर अँप झोपलेला नाही. एलईडी विझलेला असला तरी मीटर लावाच. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब अँपच्या ग्राउंड टर्मिनलवर आणि लाल प्रोब रिमोट टर्मिनलवर, म्हणजे स्टिरिओ जिथून अँपला चालू-बंदचा निरोप देतो तिथे. चावी बाहेर असताना तिथे शून्य यायला हवं. १२ व्होल्ट आले तर रिमोटची वायर टर्मिनलमधून सोडवा आणि वायर व टर्मिनल वेगवेगळं मोजा. व्होल्टेज वायरवर असेल तर दोष पुढे स्टिरिओकडे आहे. टर्मिनलवर असेल तर तिथे वाकून नीट बघा. बॅटरीची जाड केबल, रिमोट आणि ग्राउंड हे तिन्ही स्क्रू शेजारी-शेजारी असतात. जाड केबलची एखादी केसासारखी तार स्क्रूखालून निसटून रिमोटला टेकली, की अँप कायमचा चालू. केबल काढून टोक पुन्हा सोला, तारा घट्ट पिळा, शक्य असेल तर फेरूल (तारांच्या टोकावर दाबायची धातूची टोपी) बसवा. अँप सीटखाली असेल आणि पावसाळ्यात कार्पेट ओलं झालं असेल, तर टर्मिनलवर हिरवट थर आलाय का तेही बघा.

आता स्टिरिओ. त्याच्या मागे पिवळी वायर म्हणजे कायम १२ व्होल्ट, त्यावर घड्याळ आणि मेमरी चालते. लाल वायर म्हणजे चावीवरचा म्हणजे एसीसीचा पुरवठा. ही लाल वायरच स्टिरिओला 'गाडी बंद झाली, झोप' हे सांगते. बऱ्याच नव्या गाड्यांच्या कपलरमध्ये एसीसीची वेगळी वायरच नसते, कारण कंपनीच्या स्टिरिओला हा निरोप कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या वायरींवरून जातो. मग घाईत काम उरकणारा फिटर लाल आणि पिवळी एकत्र पिळून टेप मारतो. गाणं वाजतं, गिऱ्हाईक खूष. पण तुम्ही बटण दाबून स्क्रीन काळी केली तरी स्टिरिओ अर्धवट जागाच राहतो. तुमच्या ०.२ अँपिअरच्या हिशेबात हे अगदी चपखल बसतं. स्टिरिओ बाहेर ओढून चावी काढलेली असताना लाल वायर मोजा. १२ व्होल्ट आले की चोर सापडला.

उपाय स्वस्त आहे. लाल वायर सोडवा आणि फ्यूज बॉक्समधल्या अशा जागेवरून घ्या जिथे चावी बाहेर असताना शून्य आणि एसीसीवर १२ व्होल्ट येतात. चार्जिंग सॉकेटचा फ्यूज पुष्कळ गाड्यांत असा असतो, पण सगळ्यांत नाही, म्हणून मोजूनच ठरवा. तिथे फ्यूज टॅप बसवा. तो ब्लेड फ्यूजच्या जागी बसतो आणि जास्तीची एक वायर स्वतःच्या फ्यूजसकट बाहेर देतो. नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानांत मिळेल. तुमच्या फ्यूजचा आकार, मिनी की लो-प्रोफाइल, बघून घ्या.

लाल वायर बरोबर निघाली तर स्टिरिओची सेटिंग उघडा. अँड्रॉइड युनिट लवकर चालू व्हावं म्हणून कित्येकांत फास्ट बूट किंवा स्टँडबाय दिलेला असतो आणि चावी काढल्यावर तो तासन्‌तास जागा राहतो. तो बंद करा. स्टिरिओ चालू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल, तो लागू द्या.

निळ्या वायरींतही गोंधळ होतो. अँपचा रिमोट निळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या वायरवर हवा. नुसती निळी बहुधा अँटेनाची असते आणि काही स्टिरिओंत ती रेडिओ लावला तरच जिवंत होते. मग यूएसबीवर अँप चालत नाही म्हणून कोणीतरी रिमोटला थेट पिवळीवर नेऊन जोडतो. तसं केलेलं दिसलं तर आधी ते काढा.

एवढं करूनही गळती राहिली तर ती मोजावी लागेल. इथे चूक झाली की मीटरचा फ्यूज उडतो, म्हणून क्रम पाळा. बॉनेट उघडा ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने खाली पाडा, म्हणजे गाडीला बॉनेट बंद वाटेल. गाडी लॉक करा, कीलेस असेल तर चावी घरात ठेवा. मीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला आणि निवडही तीच करा. निगेटिव्ह क्लॅम्पचा नट सैल करा. मगरचिमट्याने मीटरचं एक टोक बॅटरीच्या खांबाला, दुसरं त्या क्लॅम्पला लावा आणि मगच क्लॅम्प वर उचला. अशाने पुरवठा तुटत नाही आणि झोपलेले मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) पुन्हा जागे होत नाहीत. मीटर मध्ये असताना सेल्फ अजिबात मारू नका. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. अर्धा तास थांबून वाचा.

०.०५ च्या आत असेल तर वायरिंग निर्दोष आहे, मग बॅटरी आणि चार्जिंग तपासा. जास्त असेल तर आधी अँपच्या मुख्य केबलवरचा फ्यूज काढा. आकडा पडला तर दोष अँपच्या बाजूला. नाही पडला तर तो फ्यूज बाहेरच ठेवून स्टिरिओचा काढा. बाकीचे फ्यूज एकेक उपटत बसू नका, परत लावताना मॉड्यूल जागे होतात आणि वाचन बिघडतं. त्याऐवजी क्लॅम्प परत बॅटरीवर बसवून मीटर काढा, लाल प्रोब व्होल्टच्या सॉकेटमध्ये घाला, मीटर मिलिव्होल्टवर घेऊन फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर प्रोब टेकवा. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजमधून ०.२ अँपिअर जात असेल तर दीड मिलिव्होल्टच्या आसपास दिसेल, काहीच जात नसेल तर शून्य. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (केबलभोवती नुसता अडकवून करंट मोजणारा) मिळाला तर बॅटरीचा क्लॅम्प उचलायचीही गरज नाही, पण फक्त एसी मोजणारा इथे निरुपयोगी आहे. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत घेताना हे विचारूनच घ्या.

जाता जाता मुख्य केबलचा फ्यूज कुठे आहे तेही बघा. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. केबल फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातून जाते तिथे रबराचं ग्रोमेट हवं. पत्र्याची कड इन्सुलेशन कापते आणि त्या जागेच्या आधी, बॅटरीच्या बाजूला फ्यूज नसेल तर बॅटरीचा सगळा करंट पत्र्यातून जातो, केबल पेटते. बॅटरी उतरण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. फ्यूज नसेल तर बाकी सगळं सोडून आज तो बसवा. अँपवर ३०-३० चे दोन फ्यूज असतील तर ६० चा घ्या आणि केबल अस्सल तांब्याची ४ गेज. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबलचा रोध दीडपटीहून जास्त असतो.

अर्थिंग खराब असेल तर घरघर येते, बास दिला की अँप कट होतो. चावी बंद असताना त्याने बॅटरी उतरत नाही, म्हणून त्यामागे आत्ता लागू नका.

शेवटी तुमची नवी बॅटरी. ती वारंवार पूर्ण उतरली असेल तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसून तिची क्षमता आधीच थोडी घटलेली असेल. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून डेक्कनपर्यंत जाऊन येण्याने ती भरत नाही. चार्जरवर ३-४ अँपिअरने रात्रभर लावा, मग काही तास शांत राहू देऊन मोजा: १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. दुरुस्तीनंतर भरलेली गाडी तीन दिवस हात न लावता उभी ठेवा आणि चौथ्या दिवशी सकाळी, दार उघडण्याआधी, थेट बॅटरीवर मोजा. १२.५ च्या वर असेल तर गळती थांबली. १२.३ च्या खाली गेली असेल तर मीटरचे आकडे आणि कोणता फ्यूज काढल्यावर किती फरक पडला ते इथे लिहा, पुढचं सांगतो.