कामगार आणि मॅनेजमेंटच्या वाटाघाटीत मानसिक भाग कितपत असतो?

भोसरीतल्या एका कंपनीत मी 11 वर्षं युनियनच्या कमिटीवर होतो, 3 करार केले, त्यावरून सांगतो. गाडी आकड्यावर अडते असं वाटतं खरं, पण माझ्या अनुभवात ती अडते आपल्या माणसांना तोंड कसं दाखवायचं यावर.

आम्ही मागणीपत्रात 15 हजारांची पगारवाढ लिहायचो, ते 3 हजारांपासून सुरुवात करायचे, साधारण कुठं थांबणार हे दोन्हीकडच्या जुन्या लोकांना आधीच कळलेलं असायचं. पण एका करारात आमच्याच एकाने गेट मीटिंगला जोशात "10 च्या खाली सही नाही" ठोकून दिलं, टाळ्या पडल्या, आणि मग तो आकडा पोरांच्या डोक्यात बसला तो बसलाच. तिकडं एचआरच्या साहेबांनी वर सांगून ठेवलेलं की 6 मध्ये मिटवतो. त्यात एका मीटिंगला साहेब बोलून गेले, "तुम्हा लोकांना कितीही द्या, कमीच." झालं, दीड महिना कोणी टेबलावर यायला तयार नाही, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी पैशाचा विषय निघालाच नव्हता.

शेवटी मिटलं कसं, तर टपरीवर चहा पिताना. साहेब एकटेच होते, म्हणाले साडेआठपर्यंत ओढतो पण सगळं पहिल्याच वर्षी दिलेलं दिसायला नको. मग 3 वर्षांत विभागून घेतलं, वर मेडिक्लेममध्ये आईवडील घातले, आम्हाला गेटवर सांगायला काहीतरी झालं आणि त्यांना वरती.

हेच मोठ्या पातळीवर बघायचं तर मुंबईचा गिरणी संप घ्या. 18 जानेवारी 1982 ला तो सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघ या युनियनला, कामगारांचा भरवसा मात्र कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांवर, आणि मालक-सरकार त्यांना मान्यता द्यायला तयार नाहीत. बऱ्याच गिरण्या आधीच डबघाईला आलेल्या, त्यामुळे काही मालकांना मिटवायची घाईही नव्हती, हे धरूनसुद्धा मला वाटतं, ज्याचं माणसं ऐकतात त्यालाच बाहेर ठेवलं तर आत कितीही गोड बोला, ते गिरणगावात पोचणार कसं? तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.

तुम्ही कुठल्याही बाजूने बसणार असाल तर समोरच्याला परत जाऊन कोणाला उत्तर द्यायचंय ते आधी काढा. आणि युनियनकडून असाल तर तो जोशात बोलणारा कार्यकर्ता आत घेऊनच बसा, बाहेर ठेवलात की गेटवर आकडे फोडत बसतो.